उसनी सासू

आमच्या इमारतीत उसनं आणण्यात कुणी कमीपणा मानत नाही. शिडी तळमजल्यावरच्या सेक्रेटरी काकांकडे मिळते, भिंतीला भोक पाडायचं मशीन चौथ्या मजल्यावर, आणि एक थर्मामीटर तर गेली कित्येक वर्षं इतक्या घरांतून फिरतंय की ते मुळात कुणाचं, हे आता त्यालाही सांगता येणार नाही. एकदा पाहुणे यायचे होते म्हणून मी चार खुर्च्या उसन्या आणल्या, तर पाहुण्यांतले एकजण त्या खुर्च्यांच्या मालकाचे सख्खे मेहुणे निघाले आणि बसताबसताच त्यांनी खुर्ची ओळखली. असो. सांगायचं इतकंच की उसनवारीत मी नवखी नाही. पण सासू उसनी आणायची वेळ आपल्यावर येईल, आणि तीही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी, हे काही मला वाटलं नव्हतं.

मी पडदे शिवते. शिवण मला कुणी शिकवलं नाही. जुने पडदे उसवून, ते कसे शिवलेत ते बघून मी शिकले. लोक खिडकीतून बाहेर काय दिसतं ते बघतात, मी पडद्याची खालची दुमड बघते. तर अशा बाईनं बावन्नाव्या वर्षी समुपदेशनाच्या पदविकेला नाव का घातलं, असं ज्यानं त्यानं विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं, "दुपारी वेळ जात नाही." हे खरंच होतं. सासूबाई गेल्यापासून दुपारी घर इतकं शांत व्हायचं की मशीन थांबवलं की कानात घूं होत राहायचं.

सासूबाईंचं आणि माझं पटत नव्हतं. हे गुपित नाही; आमच्या जिन्याला ते पाठ होतं. त्या गेल्या तेव्हा भेटायला येणारी माणसं आमच्या ह्यांच्याकडे तोंड करून बसायची. आवाज खाली घेऊन बोलायची, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची, "आई ती आई" म्हणायची. मग माझ्याकडे वळून म्हणायची, "साखर कमी हं." आणि जाताना जिन्यात एखादी माझा दंड दाबून हळूच म्हणायची, "सुटलीस बाई!" मीही हसायचे. सव्वीस वर्षं भांडलेल्या बाईनं दुसरं करायचं तरी काय?

तर नाव घातलं. म्हणजे घालायला गेले. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनानं संगणकात माझं जन्मवर्ष शोधलं. यादी खाली सरकवली, आणखी सरकवली, आणि यादीच संपली.

"तुमचं वर्ष नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे यात इतकं मागचं वर्ष नाहीये. जवळचं घालू?"

मी वर्षानुवर्षं पाव इंचासाठी गिऱ्हाइकांशी भांडलेली बाई. पण मागे रांग होती आणि रांगेतली पोरं पायांची अदलाबदल करत होती. "घाला," म्हटलं. त्यामुळे विद्यापीठाच्या दप्तरी मी बारा वर्षांनी लहान आहे, आणि त्या हिशेबानं माझं लग्न मी शाळेत असतानाच झालेलं आहे. ओळखपत्र ह्यांना दाखवलं. ह्यांनी ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही." सासूबाई गेल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद. दुसरा बराच काळ झाला नाही.

वर्गात पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, समुपदेशकानं सल्ला द्यायचा नसतो. ऐकायचं असतं. मध्ये मध्ये "हं" म्हणायचं असतं. आता आमच्या इमारतीत राहणाऱ्या बाईला सल्ला देऊ नको म्हणणं म्हणजे श्वास घे पण नाक वापरू नको म्हणण्यासारखं. सेक्रेटरी काकांना तर हे पटलंच नाही.

"वहिनी, सल्ला द्यायचा नाही तर माणूस येईल कशाला?"

"बोलायला."

"बोलायला माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांना एक अक्षर बोलू देत नाही, तरी बरी होऊन जातात."

मी घरी "हं"चा सराव सुरू केला. विद्यापीठात ह्या "हं"चा अर्थ "मी ऐकते आहे, तुम्ही बोला" असा असतो. पण सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोच्या "हं"चा अर्थ वेगळा ठरलेला असतो. मी "हं" म्हटलं की हे आधी न्हाणीघरातला दिवा बंद करून यायचे, मग टॉवेल वाळत घालायचे, आणि मग कोपऱ्यात बसून आपलं आणखी काय चुकलं असेल ते आठवत राहायचे. बोलायचे मात्र नाहीत. ते तसेही बोलत नव्हतेच.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गाडी अडली ती पुढच्या नियमाशी. उद्या ज्याला समुपदेशकाच्या खुर्चीत बसायचंय त्यानं आधी समोरच्या खुर्चीत वीस तास बसायचं. म्हणजे स्वतःचं मन मोकळं करायचं. त्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही.

"दाताच्या डॉक्टरला आधी स्वतःचे दात काढून घ्यावे लागतात का?" मी ह्यांना विचारलं.

"हं," हे म्हणाले.

विद्यापीठाच्याच समुपदेशन केंद्रात मला वेळ मिळाली. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, आणि खिडकीला एक पडदा, चांगला चार बोटं आखूड. समोर बसणारी मॅडम माझ्या मुलीहून लहान होती. तिला सर्दी झाली होती.

"कशाबद्दल बोलावंसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"तुम्ही वाफ घेता का?" मी म्हणाले.

मग मी तिला वाफ कशी घ्यायची ते सांगितलं. तिची खुर्ची डुगडुगत होती, खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी घालून दिली. ती जेवते कधी, झोपते कधी, आई कुठे असते, सगळं काढून घेतलं. पडद्याचं कापड धुतल्यावर आटतं हे शिवणाऱ्याला कळायला हवं होतं, यावर थोडं बोलले. तास कसा गेला कळलंच नाही.

"हा तास मला धरता येणार नाही," मॅडम म्हणाली.

"का? मी पूर्ण वेळ बसले होते."

"बसला होतात," ती नाक पुसत म्हणाली. "आला नव्हतात."

दोन बस बदलून, तीन जिने चढून गेलेल्या बाईला "आला नव्हतात" म्हणायचं म्हणजे काय! मी शबनम उचलली आणि ताठ मानेनं बाहेर पडले. ताठ मानेनं बाहेर पडण्यातली अडचण अशी की छत्री आत राहिली, आणि ती आणायला मला पुन्हा दार वाजवावं लागलं.

पुढच्या खेपेला मी ठरवून काहीच बोलले नाही. मॅडमही बोलली नाही. आम्ही दोघी समोरासमोर गप्प बसलो. गप्प बसण्यात मला कुणी हरवू शकत नाही. सासूबाईंशी अबोला धरायचे तेव्हा आमची मांजरसुद्धा घर सोडून जायची. तास संपला. मी जिंकले. तास धरला गेला नाही.

आता परीक्षेला सहाच महिने उरले आणि माझ्याकडे एकही तास नव्हता, कारण माझ्याकडे एकही दुःख नव्हतं. मी अगदी मनापासून शोधलं. मुलगी आपल्या घरी सुखात आहे. हातपाय चालतात. गिऱ्हाइकं येतात. मी इमारतीत चौकशी केली. सेक्रेटरी काका लगेच म्हणाले, "समस्या पाहिजे? लिफ्टची घेऊन जा. तीन अर्ज केलेत, प्रती देतो." जेवताना मी ह्यांना विचारलं.

"माझी सांग," हे म्हणाले.

"तुमची काय समस्या? तुम्ही तर दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही."

"तेच म्हणतोय," हे म्हणाले, आणि ताट उचलून आत गेले. माझ्या डोक्यात तेव्हा वीस तास होते. मी तो विषय तिथेच सोडला.

शेवटी पावल्या त्या वरच्या वहिनी. त्यांच्याकडे सासू होती, जिवंत आणि तब्येतीनं उत्तम. मोतीबिंदू काढल्यापासून वरच्या आजींना इतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं की आधी स्वतःच्या, मग शेजाऱ्यांच्या घरातली धूळ त्या बोटानं दाखवत हिंडायच्या. वहिनी रोज जिन्यात मला गाठून रडगाणं गायच्या.

"ताई, तुम्हाला दुःखच पाहिजे ना? माझं घेऊन जा. मी तरी कुठे ठेवू ते?"

मी नेलं. मॅडमसमोर बसले आणि म्हणाले, "माझ्या सासूबाई मी केलेल्या सूपमध्ये पुन्हा मीठ घालतात." मॅडमनं पहिल्यांदाच पेन उघडलं.

"त्या मीठ घालतात तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

आता हे मी वहिनींना विचारलंच नव्हतं. "पुढच्या वेळी विचारून सांगते," मी म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"मनाला," मी म्हणाले.

"छान," मॅडम म्हणाली. तो तास धरला गेला.

मग धंद्याला बरकत आली. मी मॅडमचा प्रश्न घेऊन वर जायचे, वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून उत्तर द्यायच्या, ते उत्तर घेऊन मी मॅडमकडे जायचे. "मला वाटतं की माझ्या हाताला चवच नाही असं त्या सगळ्यांना सांगतायत," हे वाक्य मी इतक्या कळवळून म्हटलं की मॅडमनं रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तो परत टेबलाच्या मधोमध नीट ठेवला. "तुम्ही हे त्यांना कधी बोलून दाखवलंय का?" तिनं विचारलं. मी तो प्रश्न वर पोचवला. वहिनी चमचा हातात धरून एकदम रडायलाच लागल्या. मी "हं" म्हणाले. विद्यापीठाचं "हं" पहिल्यांदाच लागू पडलं.

दुर्दैवानं फारच लागू पडलं. वहिनींनी खरोखरच आजींशी बोलून घेतलं. आजी म्हणाल्या, "अगं, जिभेला चव लागत नाही म्हणून मी मीठ घालते. तुझ्या स्वयंपाकाला कोण काय म्हणतंय?" आणि त्या दोघी संध्याकाळी पत्ते खेळायला लागल्या. मी पुढचं दुःख आणायला वर गेले तर दारातच हसण्याचा आवाज.

"ताई, आता काही नाहीये हो," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "चहा घेता का?"

माल संपला, आणि अजून निम्मे तास बाकी. दुकान उघडं ठेवायचं तर घरातलं जुनं काहीतरी काढणं भाग होतं. मी काढलं.

मॅडमला म्हणाले, "मी पडदा शिवत असले की सासूबाई शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. बोलत नाहीत. दुमड बोटांखालून सरकवत नेतात. आणि टीप एवढीशी जरी वाकडी गेली असेल ना, तर मी पाणी प्यायला उठले की तेवढ्यात छोटं पातं घेऊन सगळी उसवून ठेवतात. सगळी! मी येते तर कापड उघडं. विचारलं तर म्हणतात, सरळ घाल की मग."

"आणि तुम्ही काय करता?"

"भांडते. त्या म्हणतात, तुझ्या डोळ्यांना दिसत नाही. मी म्हणते, तुम्हाला दुसरं काही दिसत नाही. मग पुन्हा शिवते."

"आता सरळ येते?"

"यावीच लागते."

मॅडम लिहीत होती. मला मजा यायला लागली होती. खोटं सांगतेय असं वाटेचना, कारण क्रियापदांचा काळ सोडला तर त्यात खोटं काहीच नव्हतं. "परवाच म्हणाल्या," "कालच उसवलं," असं मी भराभर सांगायचे. दर आठवड्याला तासभर मी सासूबाईंशी कडाकडा भांडायचे आणि हलकी होऊन घरी यायचे. घरी आले की शेजारची खुर्ची रिकामी दिसायची, आणि मला अगदी त्यांचाच राग यायचा, की आता कुठे गेल्या.

त्याच सुमारास मी केंद्राच्या खिडकीसाठी नवा पडदा शिवला. चार बोटं आखूड पडदा दर आठवड्याला बघत बसणं ही माझ्या धंद्यातल्या माणसाला शिक्षाच.

"मला भेट घेता येत नाही," मॅडम म्हणाली. "नियम आहे."

"ही भेट नाही. ही दुरुस्ती आहे."

ते प्रकरण केंद्रप्रमुखांपर्यंत गेलं, तिथून भांडार विभागाकडे, तिथून इमारत विभागाकडे. शेवटी पडदा "तात्पुरता" म्हणून लागला. खरं सांगायचं तर तो घाईत शिवला होता. खालची टीप एका कोपऱ्यात घसरली होती. मी ती पाहिली आणि तशीच जाऊ दिली. हल्ली जाऊ देते. बघणारं कोण आहे?

आणि मग शेवटून दुसऱ्या तासाला मॅडमनं पेन खाली ठेवलं.

"शेवटच्या तासाला सासूबाईंना घेऊन या."

"कुठे?" मी म्हणाले.

"इथे. दोघींशी मिळून बोलू. मला वाटतं त्याची गरज आहे."

"त्या कुठे जात नाहीत," मी म्हणाले. याहून खरं वाक्य मी त्या खोलीत उच्चारलं नव्हतं.

"प्रयत्न करून बघा. नाहीतर मला हे काम पूर्ण झालं असं लिहिता येणार नाही."

संध्याकाळी जिन्यात सभा भरली. सेक्रेटरी काका म्हणाले, "आजारी आहेत म्हणून सांगा." वरच्या वहिनी म्हणाल्या, "मग बऱ्या झाल्यावर आणा म्हणतील." काका म्हणाले, "मग वारल्या म्हणून सांगा," आणि एकदम गप्प झाले. तेवढ्यात वरून आजींचा आवाज आला. त्या कठड्यावरून वाकून सगळं ऐकत होत्या.

"मी येते की! एवढं काय त्यात?"

"आजी, तुम्हाला जमेल?"

"सासू व्हायला? पंचवीस वर्षं तेच करतेय. रडायचं का?"

"नाही नाही. फक्त हो-नाही म्हणायचं."

"हो-नाही म्हणायला तुझा नवरा पुरे. मला चांगलं वाक्य दे."

मी त्यांना एक वाक्य दिलं: "सून चांगली आहे, पण थोडी हट्टी आहे." त्यांनी ते दोन दिवस पाठ केलं. वहिनींनी सासू देताना मात्र हात आखडला. "सहाच्या आत परत आणा हं, त्यांची गोळी असते. आणि जशा नेताय तशा आणा."

निघताना आमचे हे दारात उभे होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या इमारतीत सांगावं लागत नाही. त्यांच्या हातात सासूबाईंची करडी शाल होती.

"बाहेर गार आहे," ते म्हणाले. "आजींना ही घाल."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते शालीकडे बघत होते.

बसमध्ये आजींनी शेजारच्या बाईला आपणहून सांगितलं, "मी आज हिची सासू आहे." त्या बाईनं जागा बदलली. केंद्राच्या दारावरच्या रखवालदारानं दोघींची ओळखपत्रं मागितली, आणि ती बराच वेळ शेजारी शेजारी धरून बघितली.

"सासू-सून ना? मग आडनाव वेगळं कसं?"

आजींनी शाल सारखी केली. "मी दुसरं लग्न केलं," त्या म्हणाल्या. "तुझी हरकत आहे?"

त्यानं दोघींना आत सोडलं, आजींना जरा वाकूनच.

खोलीत तिसरी खुर्ची मांडलेली होती. मॅडमनं आजींना हाताला धरून बसवलं. सर्दी गेलेली दिसत होती. वाफ घेतली असणार.

"आजी," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या सुनेबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

मी आजींकडे बघून ओठ हलवले: सून चांगली आहे... आजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या खिडकीकडे बघत होत्या. मग खुर्चीचा हात धरून उठल्या, हळूहळू खिडकीपाशी गेल्या, पडद्याचं खालचं टोक उचललं आणि ते डोळ्यांजवळ नेलं. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी तशीच राहू दिली. दुमड बोटांखालून सरकवत सरकवत त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"हा तू शिवलास?"

"हो."

"मग ही टीप अशी काय गेलीय? इथे बघ. चांगली घसरलीय. उसव आणि परत घाल." त्यांनी टोक खाली सोडलं. "बघणारा म्हणेल, हिला सांगणारं कुणी नाही का घरात?"

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, दिसलं होतं मला. घाई होती. तुम्हाला दुसरं काही दिसत नाही का. यातलं काहीच बाहेर आलं नाही. जे बाहेर आलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही; बिनतेलाचं मशीन कापड ओढून अडकतं तेव्हा साधारण तसा आवाज होतो. मी इतकी रडले की रुमालांचा डबा, जो मी आठवड्यांमागून आठवडे टेबलाच्या मधोमध नीट ठेवत आले होते, तो मी मांडीवर घेऊन बसले.

आजी घाबरल्या. "अगं, मी माझं वाक्य अजून म्हटलंच नाही! सून चांगली आहे, पण थोडी हट्टी आहे. झालं? म्हटलं हं मी. आता रडू नको."

मग मॅडमनं आजींना विचारलं, "आजी, तुम्ही ह्यांच्या कोण?"

"मी? वरच्या मजल्यावरची."

"आणि ह्यांच्या सासूबाई?"

"ती गेली ना, मागच्या वर्षी. तोंडाची तिखट होती. पण हात सरळ." आजी पुन्हा खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हिच्याकडे कुणी बघितलंच नाही तेव्हा. मीसुद्धा नाही. मला तेव्हा दिसत नव्हतं."

आता मला हाकलतील, विद्यापीठातून नाव काढतील, असं मला वाटत होतं. मॅडम तसं काहीच बोलली नाही. वाफ घ्या म्हणाली नाही, आई ती आई म्हणाली नाही, सुटलात म्हणाली नाही. तास संपेपर्यंत ती नुसती माझ्याकडे तोंड करून बसली.

निघताना मी नाक पुसत विचारलं, "हा तास?"

"हा धरला."

"आणि आधीचे?"

तिनं वही चाळली. "काही तुमच्या वहिनींचे होते. त्यांना हवं तर प्रमाणपत्र देऊ."

"आणि त्यानंतरचे? उसवायचे?"

"त्यात तुम्ही खऱ्या होतात," ती म्हणाली. "पण खोटं सांगून घेतलेले तास मी लिहू शकत नाही. आपण पुन्हा सुरुवात करू. परीक्षा पुढच्या वर्षी."

म्हणजे वर्ष गेलं. वर्गातली पोरं पुढे जाणार आणि मी मागे राहणार, नव्या पोरांबरोबर, बारा वर्षांनी लहान असलेली. मी खुर्चीवर चढले आणि पडदा काढून घेतला. मॅडमनं अडवलं नाही; तो तात्पुरताच होता.

आजी सहाच्या आत पोचल्या. वहिनींनी त्यांना दारात उजेडात उभं करून नीट बघून घेतलं. "उद्या पण न्यायचंय का?" आजींनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. "आता माझी मी जाईन."

सेक्रेटरी काकांनी जिन्यात नापास झाल्याबद्दल सल्ला दिला. मी "हं" म्हणाले.

घरी आले तर दिवेलागण झाली होती, आणि हे मशीनपाशी बसले होते. शेजारच्या खुर्चीत. त्या खुर्चीत गेले कित्येक महिने कुणी बसलं नव्हतं. आम्ही दोघंही तिला वळसा घालून जायचो. मी शाल त्यांच्या मांडीवर ठेवली.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. कोण, ते विचारलं नाही, आणि मीही स्पष्ट केलं नाही.

"टीप वाकडी आहे म्हणाल्या."

ह्यांच्या तोंडावर हसू आलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शालीच्या टोकानं पुसत राहिले. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. काही बोलले नाही. "हं"सुद्धा नाही.

मग खण उघडला. पातं जिथं असायचं तिथंच होतं. पडद्याचं एक टोक मी मशीनवर धरलं आणि दुसरं ह्यांच्या हातात दिलं.

"जरा सरळ धरा ना," मी म्हणाले.

"मी सरळच धरलंय," हे म्हणाले. "वाकडं तुझंच आहे."

हुबेहूब तोच आवाज. "दिसतंय मला," मी खेकसले, आणि कोपऱ्यापासून उसवायला घेतलं.